माऊस ऑफिसचा, मनगट कुणाचं?

शाहूपुरीतल्या बँकेचं काउंटर घ्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यातलं स्टोअर घ्या, नाहीतर साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसलेल्या माणसाचं उजवं मनगट संध्याकाळपर्यंत भरून येतं. कुणीतरी सांगतं, काही दिवस माऊस डाव्या हातानं चालवून बघ. तो माऊस उचलून कीबोर्डच्या डावीकडं ठेवतो, बटणांची अदलाबदल करायला सेटिंग उघडतो आणि पडद्यावर इंग्रजीत चौकट येते: या कॉम्प्युटरवर निर्बंध लागू असल्यामुळं ही क्रिया रद्द केली आहे, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे हेड ऑफिसचा आयटी विभाग. फोन लावला की तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "पॉलिसी आहे, सगळ्यांनाच बंद आहे." विषय संपला. माऊस पुन्हा उजवीकडं.

माझा प्रश्न सरळ आहे. ही पॉलिसी कुणी केली, कशासाठी केली आणि माऊसच्या बटणांनी कुठल्या तिजोरीला भोक पडतं?

आधी एक गोष्ट मान्य करतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरला कुलूप हवंच. ज्यांना शंका असेल त्यांनी २०१८ चा ऑगस्ट आठवावा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला आणि दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी परदेशातल्या एटीएममधून पैसे निघाले, देशातूनही निघाले आणि त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमही होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. मोठ्या बँकांना असे नियम २०१६ च्या जूनमध्येच लागू झाले होते. साध्या कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ॲडमिन राइट्स नकोत, मनाला येईल ते सॉफ्टवेअर टाकता येऊ नये, पेन ड्राइव्ह परवानगीशिवाय चालू नये, असा त्या नियमांचा रोख आहे. सगळं रास्त आहे. सभासदांच्या ठेवी आहेत, शेतकऱ्याच्या उसाचे पैसे आहेत. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या आयटीवाल्यांच्या मी पाठीशी आहे.

पण माऊसचं कुठलं बटण मुख्य असावं, हे ठरवायला ॲडमिन राइट्स लागतच नाहीत. विंडोजची मांडणीच तशी आहे. ही आवडनिवड त्या त्या माणसाच्या खात्यात साठते, कॉम्प्युटरच्या गाभ्याला हात लागत नाही, काही इन्स्टॉल होत नाही, नेटवर काही जात नाही. पॉइंटरचा वेग, डबल क्लिकचा वेग, पॉइंटरचा आकार आणि रंग या गोष्टीही तशाच. ज्या कंपनीनं विंडोज बनवलं तिनंच हे वापरणाऱ्याच्या हातात ठेवलं. ते काढून घेतलं आपल्या ऑफिसांनी. कसं? आयटीवाल्यानं अख्खं कंट्रोल पॅनेल एका फटक्यात बंद केलं. आत नेटवर्कची पानं होती, प्रोग्राम काढून टाकायचं पान होतं, ती बंद करायलाच हवी होती. त्यांच्याबरोबर माऊसचं पानही गेलं. नेमकी कुठली पानं बंद करायची, हे कुणी बसून ठरवलं नाही.

तिजोरीला कुलूप घालताना कुणी कॅशियरच्या खुर्चीची उंची वेल्डिंगनं पक्की करत नाही. इथं तेच केलंय.

आता आकडे भरणाऱ्याचं टेबल जवळून बघा. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा पॅड आणि त्याच्याही पलीकडं माऊस. खाते क्रमांक, रक्कम, दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ, उसाचं वजन, सगळं उजव्या हातानं पॅडवर बडवायचं. मग तोच हात उचलून वीतभर उजवीकडं न्यायचा, माऊस धरायचा, पुढच्या रकान्यावर क्लिक करायचं, हात परत पॅडवर आणायचा. कोपर बाहेर फाकलेलं, मनगट करंगळीकडं वाकलेलं. दूध संस्थेत दहा दिवसांचं बिल काढायची वेळ आली की हे तासन् तास चालतं. हंगामात वजनकाट्यावर तर गाड्यांची रांग हटतच नाही आणि रात्रपाळीतही हाच फेरा. या सगळ्या वेळात डावा हात काय करतो? मांडीवर पडून असतो.

म्हणूनच डाव्या हाताचा माऊस ही फक्त डावखुऱ्यांची मागणी नाही. आकड्यांचं काम करणाऱ्या उजव्या हाताच्या माणसालाही तीच बैठक सोयीची. उजवा हात पॅडवर राहील, डावा हात माऊसवर, मधली येरझार थांबेल. आणि खर्च? आपल्या ऑफिसांत जो साधा काळा वायरचा माऊस सगळीकडं दिसतो, तो दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. तो डावीकडं ठेवायला एक पैसा लागत नाही. फक्त बटणं फिरवावी लागतात, कारण डाव्या हातात माऊस धरला की तर्जनी उजव्या बटणावर येते आणि रोजचं क्लिक मधल्या बोटावर पडतं. तर्जनीनं सवयीनं दाबलं की नको तो मेन्यू उघडतो. काउंटरसमोर रांग उभी असताना असं चार वेळा झालं की माणूस नाद सोडतो आणि दुखरा हात पुन्हा कामाला लावतो.

माझ्या ओळखीच्या एक ताई बँकेत पासिंगचं काम करतात. अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ येते, पट्टा बांधून कामावर जातात. डॉक्टरांनी उजव्या हाताला विश्रांती सांगितली. त्यांनी आयटीला विनंती केली, "दादा, बाकी काय नको, एवढं बटण तेवढं फिरवून द्या." उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला एकटीला दिलं तर उद्या सगळे मागतील."

मागू देत की सगळे! दहा जणांनी मागितलं तर दहा जणांचे हात दुखतायत, एवढंच त्यातून कळतं. हे कळणं व्यवस्थापनाला नको असेल तर अडचण कॉम्प्युटरमध्ये नाही, केबिनमध्ये आहे. ज्या सोयीला पैसा लागत नाही, माणूसबळ लागत नाही, जिच्यात धोका नाही, ती 'सगळे मागतील' म्हणून नाकारणं हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

माऊस जन्मला तेव्हा त्याच्या कर्त्यानं हातांचा किती विचार केला होता बघा. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी संशोधकाच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस बनवला. लाकडी खोकं, खाली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनी त्याचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं, तोवर बटणं तीन झाली होती. त्या प्रात्यक्षिकात उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कीसेट. मधे नेहमीचा कीबोर्ड. दोन्ही हातांना काम वाटून दिलेलं. पुढं धंद्यात माऊस उतरला तेव्हा बटणं किती असावीत यावरच एकमत नव्हतं. १९८४ च्या मॅकिंटॉशला एकच बटण, मायक्रोसॉफ्टच्या १९८३ च्या माऊसला दोन, फिरतं चाक घराघरात पोचलं ते १९९६ च्या इंटेलिमाऊसनं. म्हणजे आज आपल्या टेबलावर आहे ती रचना काही दगडावरची रेघ नव्हे. बदलत बदलत इथवर आली आणि बदलायची मुभा तिच्यातच ठेवलेली आहे.

आता दुसरी बाजू, कारण आयटीवाल्यांची भीती पोकळ नाही. माऊसनंच कुलूप उघडल्याचं उदाहरण आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका संशोधकानं दाखवून दिलं की रेझर कंपनीचा माऊस विंडोजच्या कॉम्प्युटरला नुसता जोडला की विंडोज त्या कंपनीचं बटणं बदलायचं सॉफ्टवेअर आपण होऊन उतरवून घ्यायचं, आणि ते सर्वोच्च अधिकारानं चालायचं. फाइल कुठं ठेवायची हे विचारणाऱ्या खिडकीतून, काहीही अधिकार नसलेला माणूस अख्ख्या कॉम्प्युटरचा मालक होऊ शकायचा. कंपनीनं चूक मान्य करून दुरुस्ती केली. त्याआधी २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी यूएसबी उपकरणाच्या आतला प्रोग्राम बदलून त्याला कीबोर्डचं सोंग कसं देता येतं ते दाखवलं होतं. दिसायला पेन ड्राइव्ह, आतून हुकूम टाइप करणारा भुरटा. त्यामुळं घरून आणलेला चकचकीत माऊस ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावू नका असं आयटीवाले सांगतात तेव्हा ते शंभर टक्के बरोबर असतात.

काही महागड्या माऊसमध्ये स्वतःची मेमरी असते. घरी बटणं ठरवायची, ऑफिसात नुसतं जोडायचं, काही इन्स्टॉल न करता चालतं. सोय चांगली आहे, पण तो माऊस ऑफिसनं विकत घेतलेला आणि नोंदवहीत चढलेला असेल तरच. बगलेत मारून आणलेला नको. आणि त्या बटणावर लॉगिनचा पासवर्ड बसवायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथंच थांबवा. माऊस टेबलावर राहतो, येणाराजाणारा बटण दाबू शकतो, उद्या तुमच्या नावानं एंट्री पास झाली तर चौकशी तुमची होणार. माणूस जागेवर नसताना कॉम्प्युटर चालू असल्याचं दाखवणाऱ्या युक्त्याही तितक्याच वाईट. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या आरोपांवरून डझनाहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. अशा प्रकारांमुळं माऊसचं नाव काढलं तरी आयटीवाल्याच्या कपाळाला आठी पडते, आणि मनगट दुखणारा गरजू माणूस त्या आठीचा बळी होतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बाजूच्या बटणावर कॉपी-पेस्ट बसवायचं, मधल्या बटणावर एखादा खास हुकूम बसवायचा, याला सॉफ्टवेअर लागतं. ते आयटीनं तपासावं, पसंत पडलं तर स्वतः बसवावं, नाही पडलं तर नाही म्हणावं. त्या नकाराचा मी मान राखीन. डावं-उजवं बटण बदलणं, पॉइंटर मोठा करणं, डबल क्लिक सावकाश करणं, याला काहीच लागत नाही. इथला नकार मला मान्य नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. बऱ्याच पतसंस्था आणि छोट्या ऑफिसांत काउंटरच्या कॉम्प्युटरला विंडोजचं एकच लॉगिन असतं. सकाळी एक बसतो, जेवणाच्या सुट्टीत दुसरा, संध्याकाळी तिसरा. अशा ठिकाणी एकानं बटणं फिरवली की पुढच्याचा गोंधळ उडतो, मग तक्रार होते, मग सगळ्यांचंच बंद. पण इथं चूक माऊसची आहे का? प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असलं तर प्रत्येकाला आपली बटणं आपल्यासारखी मिळतात, दुसऱ्याला कळतही नाही. एका लॉगिनवर चौघं बसणं हाच सुरक्षेतला मोठा घोळ आहे. उद्या काही गडबड झाली तर कुणी केली, हे सांगणार कसं? माऊसचं पान बंद करून स्वतःला कडक म्हणवणारी आणि लॉगिन चौघांत वाटणारी संस्था सुरक्षित नाही. तिनं दारं चुकीची लावलीत.

ज्यांना हाताचं अपंगत्व आहे त्यांच्यासाठी तर हा कायद्याचा विषय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयीसुविधा दिल्याच पाहिजेत, असं त्याचं कलम २० सांगतं. सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव आहेत. उद्यमनगरातल्या पॉवर प्रेसवर किंवा गुऱ्हाळाच्या चरकात बोटं गमावलेला माणूस अशा जागेवर कारकून म्हणून आला, आणि त्याला उरलेल्या बोटांनुसार बटण बदलू दिलं नाही, तर जागा दिली काय आणि न दिली काय! ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या बाबतीत निकाल दिला. त्याला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. ठरावीक टक्क्यांचं अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, वाजवी सोय हा त्याचा हक्क आहे, असं न्यायालयानं बजावलं. परीक्षेला लेखनिक द्यायचा म्हणजे माणूस, वेळ, देखरेख, सगळं लागतं. इथं एक खूण इकडची तिकडं करायची आहे.

मला राग येतो तो हे सगळं कोल्हापुरात चालतं याचा. या गावानं हत्यार हाताला जुळवून घ्यायचं कसब जगाला दाखवलंय. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास, दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून, सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. कुठल्या परदेशी कंपनीची परवानगी मागत बसले नाहीत. आजही उद्यमनगरात लेथवरचा कारागीर नव्या जॉबला नवा फिक्स्चर स्वतः करून घेतो, हँडल हाताला येत नसेल तर बदलतो, आणि मालक त्याला अडवत नाही, कारण हात सुखाचा तर माल सरस, हे मालकाला कळतं. तिथून दोन चौक ओलांडून ऑफिसात आलं की तेच शहाणपण कुठं जातं? कारकुनाच्या हाताला हात का मानत नाहीत?

आयटीवाल्या मित्रांसाठी आता नेमकं सांगतो, म्हणजे 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे उत्तर बाद होईल. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत कंट्रोल पॅनेल पूर्ण बंद करायचा पर्याय आहे, तसाच ठरावीक पानंच दिसू द्यायचाही आहे. नव्या सेटिंग्जसाठी 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' नावाची वेगळी पॉलिसी आहे. तिच्यात उघडी ठेवायची पानं नावानं लिहायची. माऊसचं पान लिहा, ॲक्सेसिबिलिटीची पानं लिहा, बाकीचं सगळं बंद ठेवा. सर्व्हरवरून एकदा केलं की सगळ्या शाखांना लागू होतं. आधी एका शाखेत लावून बघा, आठवडाभरानं बाकीच्यांना द्या.

आणि काउंटरवरच्यांसाठी. तुमच्या विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, मग माऊस, आणि पहिल्याच ओळीत प्रायमरी माऊस बटण. तिथं लेफ्टच्या जागी राइट निवडायचं. हे पान उघडत असेल तर प्रश्न मिटला, कुणाला विचारायची गरज नाही. डाव्या हाताला सरावायला थोडे दिवस द्या, सुरुवातीला पॉइंटरचा वेग कमी ठेवा, गर्दीच्या वेळी नवा प्रयोग सुरू करू नका. तात्पुरता माऊसच नको असेल तर डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबा. माऊस कीज नावाची ही सोय बंद केलेली नसेल तर आकड्यांच्या पॅडवरून पॉइंटर हलतो आणि पाचच्या आकड्यानं क्लिक होतं.

पान उघडत नसेल तर पळवाट शोधू नका. इंटरनेटवरून काही उतरवू नका, भाच्याकडून पेन ड्राइव्हवर काही आणू नका. त्यात तुमची नोकरी जाईल आणि आयटीवाल्याला आयतं कारण मिळेल. अर्ज करा. तोंडी नको, लेखी. आयटीच्या नावानं नको, शाखा व्यवस्थापकांच्या नावानं. मजकूर एवढाच पुरे: 'माझ्या उजव्या मनगटास त्रास होत असल्याने माऊसचे मुख्य बटण बदलण्याचे सेटिंग माझ्या लॉगिनवर उपलब्ध करून द्यावे. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर अथवा ॲडमिन अधिकार लागत नाहीत. शक्य नसल्यास नियमाचा उल्लेख करून लेखी कळवावे.' डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जोडा. एक प्रत युनियनला द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक नि तारखेचा शिक्का मारून घ्या.